संकरज परोपजीवी आणि त्यांचे जनक : प्रयोगशाळेतील वाढीचा एक आढावा

संकरित ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे वाण १९६४ साली शेतकऱ्यांच्या हाती आले, आणि तेव्हापासून संकर म्हटला की दुणावलेले पीक, टपोरे कणीस आणि भरलेली कणगी हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, त्या ज्वारीच्या भाकरीविषयी घरोघर झालेली कुरकुरही त्याला धक्का लावू शकली नाही. वनस्पतिशास्त्रात ज्याला संकरज ओज म्हणतात, म्हणजे दोन भिन्न कुळांच्या मीलनातून उपजलेल्या पहिल्या पिढीने जनकांहून सरस निपजणे, तो गुण मनुष्याच्या आणि गुराढोरांच्या देहावर पोसणाऱ्या परोपजीवींनाही लाभत असेल काय, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. एकाच रुग्णाच्या शरीरात दोन जातींचे कृमी एकत्र नांदतात, त्यांची जोडी जमते, आणि त्यांची संतती अशा मुलखात शिरते की जेथे आरोग्यखात्याने आखलेला बंदोबस्त एकेका शुद्ध जातीच्या स्वभावावर विसंबून असतो. गेली सुमारे ऐंशी वर्षे निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत अशा संकरांची त्यांच्या जनकजातींशी तुलना होत आली आहे. त्या साऱ्या नोंदी एकत्र मांडून पाहिल्या असता प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले आहे की, संकराचा खरा लाभ वाढीच्या वेगात क्वचितच आढळतो. तो बहुधा नव्या यजमानाच्या घरात शिरण्याच्या परवान्यात असतो.

मुळात परोपजीवीच्या बाबतीत ‘वाढ’ कशाला म्हणावे, येथपासूनच अडचण सुरू होते. दाण्याचे वजन करून पिकाचा निकाल लावता येतो. परंतु ज्या जिवाला आयुष्याचा एक हिस्सा गोगलगायीत वा माशीच्या आतड्यात आणि दुसरा मनुष्याच्या रक्तात किंवा पेशीत घालवावा लागतो, त्याची वाढ एका ठिकाणी मोजून चालत नाही. काळा आजाराच्या जंतूचेच, म्हणजे लीशमानियाचेच, पाहा. लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी १९०३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर दुसऱ्याच वर्षी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात रुग्णाच्या प्लीहेतील रक्त सायट्रेट मिसळून, शरीराहून बऱ्याच कमी उष्णतेत ठेवले, तेव्हा पेशीत गोलमटोल दिसणारा तो जंतू लांबट होऊन चाबकासारखी शेपटी हलवू लागला. म्हणजे काचेच्या नळीत जे वाढले ते मनुष्याच्या शरीरातील रूप नव्हतेच; ते रोग पसरवणाऱ्या वालुमाशीच्या पोटातील रूप होते. पुढे १९८४ साली असेही सिद्ध झाले की, चंबूत हे जंतू झपाट्याने दुणावत असतात तेव्हा ते फारसे संसर्गक्षम नसतात, आणि वाढ थंडावून लोकसंख्या स्थिरावली म्हणजेच त्यांतील काही संसर्गक्षम रूप धारण करतात. तेव्हा दोन वृद्धिवक्र शेजारी शेजारी काढून ज्याचा चढ अधिक तो बलवान, असा निवाडा करणे ही मोठी घाईची गोष्ट होईल.

रक्तातील पर्णकृमींची, म्हणजे शिस्टोसोमांची, कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध दप्तरखानाही त्यांच्याच नावावर जमा आहे. इतर पर्णकृमी बहुधा उभयलिंगी असतात. शिस्टोसोमांत मात्र नर आणि मादी वेगळे. नराच्या देहाला लांबट पन्हळ असते, तीत मादी वर्षानुवर्षे वास करते, आणि नराच्या सहवासावाचून ती पुरती वयातच येत नाही. गर्भित अंडी मूत्रातून किंवा विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यांतून बाहेर आलेला मिरासिडियम नावाचा डिंभ विशिष्ट गोगलगायीच्या देहात घुसतो, तेथे त्याचे शेकडो-हजारो सर्केरिया होतात, आणि ते पाण्यात उतरलेल्या मनुष्याची किंवा जनावराची कातडी भेदून आत जातात. हे सारे चक्र चंबूत फिरवण्याची कला अद्याप कोणाला साधलेली नाही. पॉल बॅश यांनी १९८१ साली सर्केरियांपासून प्रौढ जोडपी काचेच्या भांड्यात वाढवून दाखवली खरी, पण त्यांच्या अंड्यांतून जिवंत संतती निघाली नाही. म्हणून संकरांची तुलना करणाऱ्याला आजही गोगलगायींच्या टाक्या आणि हॅम्स्टरांचे पिंजरे सांभाळावे लागतात. आणि हॅम्स्टर हा काही मनुष्य नव्हे, ही गोष्ट पुढचे आकडे वाचताना विसरून चालत नाही.

संकरजोडीचा विचार पहिल्यांदा पद्धतशीरपणे केला तो हांबुर्गच्या व्होगेल यांनी. १९४१ आणि १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत जोडीदाराच्या जातीचा मादीच्या वाढीवर काय परिणाम होतो हा प्रश्न होता, आणि उत्तर मोठे मार्मिक निघाले. परजातीचा नर मिळाला तरी मादी वयात येते, अंडीही घालते; परंतु मॅन्सोनी आणि जपोनिकम यांच्यासारख्या दूरच्या जाती असल्या तर ती संतती संकर नसतेच. नर केवळ निमित्तमात्र, आणि अपत्ये एकट्या मातेच्या वारशाची. मूत्राशयाचा रोग आणणाऱ्या हिमॅटोबियमची आणि आतड्याचा रोग आणणाऱ्या मॅन्सोनीची जोडी एकाच रुग्णात अनेकदा जमते, तेथेही बहुधा हेच घडते. त्यामुळे जुन्या काळी केवळ अंड्याच्या काट्याची ठेवण पाहून ज्यांना संकर ठरवण्यात आले, त्यांतील कित्येक दाखले आज पुन्हा तपासून घ्यावे लागतील. खरा संकर जमतो तो जवळच्या नात्यात. मनुष्याचा मॅन्सोनी आणि उंदीरवर्गाचा रोधायनी यांचा संकर ले रू यांनी १९५४ साली नोंदवला. मॅन्सोनीचे सर्केरिया गोगलगायीतून दिवसा बाहेर पडतात, रोधायनीचे रात्री, कारण ज्याचा यजमान ज्या प्रहरी पाण्याशी येतो त्या प्रहराशी त्याने आपले वेळापत्रक जुळवलेले असते. आणि संकराचे वेळापत्रक या दोहोंहून इतके निराळे असते की, तेरॉन यांनी त्यावरूनच संकर ओळखण्याची रीत सुचवली. गोगलगायीत असा संकर कितीही जोमाने वाढला, तरी ज्या प्रहरी तो पाण्यात उतरतो त्या प्रहरी तेथे यजमान नसेल तर त्या जोमाचा उपयोग काय? हॅम्स्टरला सर्केरियांच्या पाण्यात ठेवून संसर्ग घडवणाऱ्या प्रयोगात ही अडचण मुळी उद्भवतच नाही.

संकरज ओजाचा सर्वांत ठळक पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला. तेथे मनुष्याचा हिमॅटोबियम आणि गुरामेंढरांचा मॅथीआय यांचा संकर मनुष्याच्या मूत्रात सापडू लागला. राइट आणि त्यांचे सहकारी यांनी तो प्रयोगशाळेत घडवून हॅम्स्टरांत वाढवला, तेव्हा संकरज कृमी लवकर वयात येतात, आकाराने मोठे होतात, अधिक अंडी घालतात आणि हॅम्स्टराला अधिक सहजतेने ग्रासतात असे दिसून आले. इतका सर्वांगीण वरचढपणा पाहून या संकराने तो सारा मुलूख व्यापून टाकला असेल असे कोणालाही वाटेल. पण तसे झाले नाही. दोन्ही जनकजाती आपापल्या यजमानांत सुखेनैव नांदत राहिल्या. ज्या गुणांची मोजदाद झाली ते सारे सस्तन यजमानाच्या देहातील होते, आणि तो यजमानही परका होता. हिमॅटोबियम हॅम्स्टरांत मुळातच रेंगाळत वाढतो, मॅथीआयला मात्र अनेक प्राण्यांत राहण्याची सवय. मग पिंजऱ्यातील शर्यतीत संकराने हिमॅटोबियमला मागे टाकले, यातील ओजाचा भाग किती आणि मॅथीआयकडून आलेल्या सवयीचा किती, याची फोड केल्याशिवाय त्या आकड्यांचे मोल ठरवता येणार नाही.

कॅमेरूनमधील लूम या गावाची हकीकत या बाबतीत सर्वांत उद्बोधक आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबतो. गाव अरण्याच्या कुशीत होते तोवर तेथे आतड्याचा रोग आणणारा इंटरकॅलेटम, ज्याला पुढे गिनिएन्सिस असे नाव मिळाले, तो एकटाच होता, आणि बुलिनस फोर्स्कालीआय ही गोगलगाय त्याला आश्रय देत होती. जंगलतोड झाली, ओढे उघडे पडले, हिमॅटोबियमला मानवणारी दुसरी बुलिनस गोगलगाय तेथे स्थिरावली, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस हिमॅटोबियमही दाखल झाला. साउथगेट, व्हान वाइक आणि राइट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन्ही जातींच्या अंड्यांबरोबर मधल्या आकाराची अंडीही विपुल आढळली. प्रयोगशाळेत घडवलेल्या पहिल्या पिढीच्या संकराने तर अशी करामत दाखवली की, ज्या दोन गोगलगायींत दोन जनक वाटले गेले होते, त्या दोन्हींत तो वाढू शकला. दोन घरांची किल्ली एकाच्या हाती आली. मात्र संकराची दिशा महत्त्वाची ठरली. हिमॅटोबियम पिता आणि इंटरकॅलेटम माता असलेला संकर टिकाऊ, तर उलट जोडीची संतती पुढच्या पिढ्यांत दुबळी. त्यातही हिमॅटोबियमचे नर मोठे दांडगे. प्रयोगात त्यांना दुसऱ्या जातीच्या जोडप्यांजवळ सोडले, तर ते त्यांच्या माद्या हिरावून घेतात असे आढळले. परिणाम असा की, लूम येथे इंटरकॅलेटम हळूहळू नामशेष झाला, संकरही विरळ झाला, आणि विसावे शतक संपता संपता तेथे हिमॅटोबियमचाच अंमल उरला. प्रयोगशाळेत दोन गोगलगायींत वाढण्याची सनद मिळवलेला संकर आपल्या गावात फार काळ टिकला नाही. तो एका जातीने दुसरीला गिळून टाकण्याच्या वाटेवरचा मुक्काम होता, असे म्हणावे लागते.

येथे ओघात आपल्या कोकणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मूत्राशयाच्या या रोगाचे भारतातील एक स्थानिक केंद्र रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली दाखवून दिले, आणि तेथे रोगाचा वाहक म्हणून आफ्रिकेतील बुलिनस सापडला नाही, तर फेरिसिया टेन्युइस ही शंखाऐवजी टोपीसारखे कवच धारण करणारी चिमुकली गोगलगाय सापडली. आफ्रिकेत एकाच कुळातल्या एका गोगलगायीतून दुसरीत शिरण्यासाठी जेथे संकराची मदत लागते, तेथे कोकणात त्याच परोपजीवीने सर्वस्वी परक्या कुळातील घर पत्करले. आपल्या देशातील गुरांत स्पिंडेल, इंडिकम आणि नाकात गाठी आणणारा नेझेल अशा आणखी शिस्टोसोमा जाती इंडोप्लॅनॉर्बिस या एकाच गोगलगायीवर पोसत आहेत. अशी एकत्र वसती हे संकराचे आदिकारण असल्याने, पशुवैद्यकांनी या गोगलगायींकडे त्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

अलीकडच्या काळात या विषयाला नवे वळण दिले ते कॉर्सिका बेटाने. तेथील काव्यू नदीत पोहणाऱ्या शंभरांहून अधिक लोकांना २०१३ च्या सुमारास हा रोग जडल्याचे उघडकीस आले, आणि दोषी कृमी हिमॅटोबियम व गुरांचा बोव्हिस यांचा संकर निघाला. त्याचे वंशद्रव्य तपासल्यावर कळले की सुमारे तीन चतुर्थांश वारसा हिमॅटोबियमचा आणि उरलेला बोव्हिसचा. म्हणजे हा ताज्या मीलनाचा पहिला वंशज नव्हता, तर अनेक पिढ्या हिमॅटोबियमशी पुन्हा पुन्हा सोयरीक करत आलेला जुना संकर होता. प्रयोगशाळेत या दोन जातींना एकत्र सोडले असता नर-मादी जोडीदार निवडताना आपपरभाव दाखवत नाहीत, असेही २०२१ साली प्रसिद्ध झाले. नायजर देशातील हिमॅटोबियमच्या वंशद्रव्यात तर बोव्हिसकडून आलेला इन्व्हेडोलायसिन नावाचा एक विकर-जनुक जवळजवळ प्रत्येक कृमीत रुजलेला आढळला, आणि ते मीलन शेकडो पिढ्यांपूर्वीचे असल्याचा अंदाज निघाला. पहिल्या पिढीचे ओज कधीच विरून गेले. उरला तो एक उपयोगी तुकडा. हॅम्स्टरांतील पहिल्या पिढीच्या मापांवर आजवर जो भर दिला गेला, त्याला हा फार मोठा धक्का आहे असे मला वाटते.

आता एकपेशीय जंतूंकडे वळू. ते द्विभाजनाने वाढतात, तेव्हा त्यांना संकर कुठला, असे बराच काळ मानले जात होते. त्या समजुतीला तडा गेला तो १९८६ साली. बाझेलच्या येन्नी आणि सहकाऱ्यांनी निद्रारोगाच्या कुळातील दोन ट्रिपॅनोसोमा त्सेत्से माशीला एकत्र पाजून त्यांचा संकर मिळवला. ब्रिस्टलच्या वेंडी गिब्सन यांनी पुढे एका जनकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवे तेज देणारे जनुक बसवले, आणि माशीच्या लाळग्रंथीत पिवळे झळकणारे संकर डोळ्यांनी दाखवले. पुराव्याची इतकी देखणी रीत या क्षेत्रात दुसरी सापडायची नाही. त्यांच्या २०१५ सालच्या प्रयोगात जनावरांच्या ट्रिपॅनोसोमाशी रोडेसिएन्स या मनुष्यघातक प्रकाराचा संकर केला असता, ज्या संततीला मनुष्याच्या रक्तद्रवाला दाद न देणारा जनुक लाभला ती मनुष्याच्या रक्तद्रवात टिकून राहिली. तिची वाढ जनकाहून जलद होती की मंद, हा प्रश्न येथे गौण आहे. मनुष्याच्या रक्तात मरणाऱ्या कुळात तेथे जगणारी शाखा निपजली, हा तपशील निर्णायक आहे.

लीशमानियाच्या बाबतीत अकोप्यांत्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वालुमाशीच्या पोटात मेजर जातीच्या दोन वाणांचा संकर सिद्ध केला. एका जनकाला एका औषधाचा प्रतिकार, दुसऱ्याला दुसऱ्याचा, आणि जो दोन्ही औषधांत तगला तो संकर, अशी ती कसोटी होती. पाच वर्षांनी रोमानो आणि सहकाऱ्यांनी त्याच रीतीने कातडीचा व्रण आणणारा मेजर आणि अंतर्गत अवयवांचा रोग आणणारा इन्फँटम यांचे मीलन घडवले. अकरा स्वतंत्र संकर हाती आले. काहींत गुणसूत्रांचे दोन संच, काहींत तीन, काहींत चार. आणि उंदरांत त्यांची वर्तणूक एकसारखी नव्हतीच. कोणाला कातडीत व्रण उठवण्याची, कोणाला प्लीहा-यकृतापर्यंत पोहोचून तेथे वाढण्याची कमीअधिक क्षमता. एकाच आईबापांच्या अकरा लेकरांचा असा अकरा तऱ्हांचा स्वभाव असेल, तर ‘संकर जनकांहून सरस की निरस’ या एकवचनी प्रश्नाला अर्थच राहत नाही. कोणता संकर, कोणत्या यजमानात, कोणत्या अवस्थेत, एवढे तरी विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या सर्वांत मला सर्वाधिक पटणारा दाखला पोर्तुगालचा. तेथे एचआयव्हीबाधित रुग्णांतून इन्फँटम आणि मेजर यांचे निसर्गसिद्ध संकर मिळाले होते. व्होल्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ते दोन जातींच्या वालुमाश्यांत वाढवले. लुत्झोमिया लाँगिपाल्पिस ही माशी कोणालाही थारा देणारी. तिच्यात जनक आणि संकर सगळेच चांगले वाढले, काही भेद दिसला नाही. फ्लेबोटोमस पापातासी मात्र निवडक. ती मेजरला आत घेते, इन्फँटमला नाही. तिच्या आतड्यात संकर भरघोस वाढले आणि संसर्गक्षम अवस्थेलाही पोहोचले, कारण आतड्याच्या भिंतीला चिकटून राहण्यासाठी लागणारे मेजरचे पृष्ठद्रव्य त्यांच्या अंगावर होते. एकाच संकराची दोन ठिकाणी मोजणी झाली म्हणूनच हा अर्थ निघाला; केवळ पहिल्या माशीत मोजली असती, तर संकराने काहीच कमावले नाही असा शेरा मारून ते दप्तर बंद झाले असते. आणि पापातासी ही मनुष्याच्या घराच्या अवतीभवती राहणारी माशी असल्याने या संकराची बाब केवळ शास्त्रीय कौतुकाची राहत नाही.

दक्षिण अमेरिकेतील चागास रोगाच्या जंतूंत, ट्रिपॅनोसोमा क्रूझीत, संकराची रीतच वेगळी दिसते. गाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे मीलन सस्तन प्राण्यांच्या पेशींत, काचेच्या भांड्यात घडवले, आणि संकरात दोन्ही जनकांचा वारसा जवळजवळ सगळाच एकत्र साठलेला आढळला. अशा बोजड संकरांना पुढे वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत वाढवले असता ते वारशातील काही ओझे हळूहळू टाकून देतात. म्हणजे वाढीच्या तुलनेत आणखी एक पेच उभा राहतो. आज मोजलेला संकर आणि शेकडो पिढ्यांनंतर मोजलेला त्याचाच वंशज हे एकच प्राणी मानायचे काय? क्रूझीच्या ज्या दोन संकरज शाखा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात मनुष्यांच्या वस्तीत मोठ्या प्रमाणात पसरल्या आहेत, त्या तर निसर्गात स्थिरावलेल्या आहेत. प्रयोगशाळेतील ताजा संकर त्यांचा प्रतिनिधी म्हणून उभा करणे धोक्याचे.

प्रयोगपद्धतीविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. पहिली उणीव जनकांच्या बाजूची आहे. जे वाण जनक म्हणून वापरले जातात ते बहुधा दीर्घकाळ चंबूत किंवा उंदरांत पोसलेले असतात, आणि चंबूत फार दिवस राहिलेला लीशमानिया आपली रोगकारकता गमावतो, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच्याशी माशीच्या पोटातून नुकत्याच बाहेर काढलेल्या संकराचा मुकाबला लावणे हा न्याय नव्हे. दुसरी उणीव निवडीची. दोन औषधांत तगलेलेच संकर मोजणीला येतात. दुबळे संकर त्या चाळणीतच गळून जातात, मग उरलेल्यांचे ओज हे संकराचे की चाळणीचे? शिस्टोसोमांत ही चाळणी नाही, पण तेथे प्रत्येक पिढीमागे गोगलगाय, हॅम्स्टर आणि कित्येक आठवडे खर्ची पडत असल्याने पुष्कळशा प्रयोगांचा मुक्काम पहिल्या-दुसऱ्या पिढीतच संपतो, आणि लूमच्या कहाणीत खरा निकाल लागला तो त्याच्या पुढच्या पिढ्यांत. उलट दिशेचा संकरही तितक्याच काळजीने वाढवला गेला पाहिजे. माता कोणती आणि पिता कोणता, यावर जेथे एवढे अवलंबून आहे तेथे एकाच दिशेच्या संकरावरून निष्कर्ष काढणारे निबंध अर्धीच कैफियत ऐकून निवाडा देतात.

या उणिवा टाळून तुलना करण्याची संधी आपल्या दारातच आहे. हिंदुस्थानात काळा आजाराचा डोनोव्हनी हा जंतू प्रायः अंतर्गत अवयवांचा रोग आणतो, ही शतकभराची समजूत. परंतु हिमाचल प्रदेशात आणि श्रीलंकेत तोच जंतू कातडीचे व्रण आणताना आढळतो. श्रीलंकेतील काही वाण डोनोव्हनी आणि कातडीचा रोग आणणाऱ्या जाती यांचे संकर असल्याचे लिपाचेव्स्की आणि मॅटलाशेव्स्की यांनी २०२१ साली दाखवले, आणि हिमाचलातील वाण डोनोव्हनीच्याच दोन कुळांचा संकर असल्याचे त्याच्या पुढच्या वर्षी नोंदले गेले. १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात ज्या फ्लेबोटोमस अर्जेन्टिपेस माशीच्या दंशाने काळा आजार पसरतो हे स्वयंसेवकांवर सिद्ध केले, त्या माशीच्या आतड्यात हे संकर आणि त्यांचे जनक शेजारी शेजारी वाढवून, सारख्याच वयाच्या आणि सारख्याच वाटेने आलेल्या वाणांची तुलना करणे, आणि मग तीच तुलना कातडीच्या व प्लीहेच्या पेशींत करणे, हे काम आपल्या देशातील प्रयोगशाळांच्या आवाक्यातले आहे. माशी आपली आहे, जंतू आपले आहेत, आणि रुग्णही आपलेच आहेत.